कुकरच्या शिट्टीचा सीन

वैशाली नगर, जयपूर
२० जानेवारी २०२५

चि. अनुया,

नावानंतर आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज ते लिहवत नाहीत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलं की तू अंगठा पाठवतेस आणि विषय संपतो. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे. नोकरीसाठी पुण्याला जाऊन आठ महिने झाले, आता तरी थोडा वेग आला असेल.

काल इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तुझा सिनेमा दाखवला. "मावशी, सबको दिखाना, सरप्राइज है," असं तू लिंकसोबत लिहिलं होतंस, म्हणून मी आधी एकटीने पाहिलासुद्धा नाही. दिलीपकाका राजा पार्कातून प्रोजेक्टर घेऊन आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला असं एखादं काम मिळालं की त्याच्या अंगात येतं. मी सगळ्यांना स्वतः फोन करून बोलावलं होतं. साठ-सत्तर माणसं झाली. तिळगूळ झाला, वाण वाटून झालं, मग दिवे मालवले. मी नारायणपेठी नेसून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी तुझी आई.

पडद्यावर नाव आलं 'कचोरी-फू'. मला वाटलं, काकांनी भलतीच लिंक लावली. आपल्या सिनेमाचं नाव 'आमेर की शेरनी' होतं ना? मग आमेरच्या पायऱ्या दिसल्या आणि त्या उतरताना मी, तो पडद्याच्या कापडाचा हिरवा झगा घालून. लोक हसले. मी मागे वळून पाहिलं, कुणी खुर्चीवरून पडलं की काय म्हणून. मग पडद्यावर मी तोंड उघडलं आणि त्यातून दुसराच आवाज आला. चिरका, नाकातला, माझे ओठ मिटले तरी चालूच राहणारा.

सत्तेचाळीस मिनिटं मी पाठ ताठ ठेवून बसून होते. कीर्ती, तुझी आई, हसता हसता माझ्या मांडीवर थापा मारत होती. दिवे लागल्यावर सगळ्या बायकांनी मला घेरलं. "मधुमतीताई, तुम्ही तर छुपा रुस्तम निघालात! इतका गंभीर चेहरा कसा हो ठेवलात?" मी म्हणाले, "अहो, लोकांना हसवायचं तर आपण हसून कसं चालेल?"

खोटं बोलले. हा सिनेमा विनोदी आहे हे तो बनवणाऱ्यांपैकी फक्त मला माहीत नव्हतं, आणि ते उघडं पडू नये म्हणून मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. घरी येऊन काकांनाही तेच सांगितलं. त्यामुळे आता मला चिडायचीही सोय राहिलेली नाही. चिडायचं तर तुझ्यावरच, आणि तेही पाकिटातून.

मधल्या त्या एका सीनबद्दल आज काही लिहीत नाही. लिहायला घेतलं तर हे पत्र टपालात पडणार नाही.

मधुमती मावशी


२७ जानेवारी २०२५

अनुया,

पत्र मिळाल्याचा तुझा निरोप आला. अर्थात फोनवर. "मावशी, आप वायरल हो! चार लाख व्ह्यूज! आपको पहले बता देती तो आप अ‍ॅक्टिंग करतीं, मतलब वो नॅचरल नहीं आता. सॉरी ना. पार्ट टू में सब बताऊँगी, पक्का." खाली तीन लाल बदाम.

म्हणजे तू विसरली नव्हतीस. ठरवून सांगितलं नाहीस. सातव्या वर्षापासून चौदा वर्षं, रक्ताचं नातं नसताना मावशी म्हणत, तू माझ्याकडे कराटे शिकलीस, माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलीस, आणि मला नेमकं काय सांगितलं नाही म्हणजे मी जास्त हास्यास्पद दिसेन, हे त्यातून तुला कळलं. विद्यार्थिनी हुशार निघाली म्हणायचं.

आणि मी काय निघाले? एकतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. न वाचता सह्या करणाऱ्यांना टेबलापलीकडून मी काय काय सुनावलं असेल! आणि तुझा तो सिनेमाच्या कराराचा कागद? क्लास सुटत होता, मी दोन लहान मुलींचे पट्टे नीट बांधून देत होते. तू वाकून पाया पडलीस आणि पेन पुढे केलंस. मी त्यातल्याच एकीच्या डोक्यावर कागद ठेवून सही केली. परवा माझी प्रत शोधून काढून वाचली. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय, हा विडंबनपट आहे. पाचव्यात लिहिलंय, आवाज बदलायचा हक्क निर्मात्याकडे. कायद्याने तुझं तसूभरही चुकलेलं नाही. हा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मीच नामंजूर केला असता.

चार लाख माणसं काय म्हणतात ते मी वाचायला घेतलं आहे. सकाळच्या क्लासहून आले की तासभर. तू वाचतच असशील, पण काही माझ्या हस्ताक्षरात वाच.

"बजट एक प्लेट कचोरी का, मज़ा पूरी दुकान का."

"भाई, तार दिख रही है. आंटी उड़ नहीं रहीं, सूखने डाली हैं." हे मला पटलं. मीही तेव्हा तेच म्हणाले होते की तार दिसेल. तू म्हणालीस, कॉम्प्युटरवर पुसू.

"आंटी का चेहरा देखो, जैसे बिजली का मीटर चेक करने आई हों."

"दस मिनट में बंद कर दी. एकदम फालतू. एक स्टार, वो भी आंटी का."

आणि हे एक. "हँस लो, पर इनका पैर देखो. पहले घुटना उठता है, फिर लात खुलती है. इन्होंने सच में सीखा है." हे अकरा जणांना आवडलं आहे. 'सूखने डाली हैं' वालं मत नऊ हजारांना.

खोटं कशाला लिहू, एका ठिकाणी मलाही हसू आलं. तुझा तो खलनायक, रणजीत, माझी लात लागायच्या आधीच गादीवर उडी टाकतो आणि मग गादी दिसू नये म्हणून तिच्यावर हातपाय पसरून झोपतो. मी फिसकन हसले. मग स्वतःचाच इतका राग आला की फोन उशीखाली टाकून दिला.

क्लासची गंमत ऐक. या आठवड्यात पाच नव्या आया चौकशीला आल्या. चौघींना मुलींचं नाव घालायचं नव्हतं, माझ्यासोबत फोटो हवा होता. आणि बुधवारी मी "तयार!" म्हणून आज्ञा दिली, तर मागच्या रांगेतल्या दोन मुलींनी ती तशीच नाकातून परत म्हटली, सिनेमातल्यासारखी. सगळ्या खुसखुसल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी ओरडले नाही. ओरडले असते तर परत तोच सिनेमा झाला असता.

मधुमती मावशी


६ फेब्रुवारी २०२५

अनुया,

आज तो सीन.

सगळ्यात जास्त मतं त्याच्यावरच आहेत. लोक मिनिट आणि सेकंद लिहून एकमेकांना पाठवतात, "सीटी वाला सीन देखा?" ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनीही तो तुकडा पाहिलेला असतो. आमेरच्या त्या गेस्टहाउसची गच्ची, मी जमिनीवर बसलेली, आणि रडत रडत सांगते आहे की रणजीतच्या टोळीने माझ्या कुकरची शिट्टी पळवून नेली. वीस वर्षांची साथ होती. आता डाळ कशी शिजायची.

"ग्लिसरीन की पूरी बोतल उँडेल दी." "ये औरत जीनियस है." "आँसू इतने असली हैं कि हँसते हँसते मैं भी रो दिया."

त्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू विसरलीस की काय अशी मला शंका येते. दुपारचे तीन-साडेतीन. रणजीत सगळ्यांना घेऊन खाली चहाला गेला होता. तू कॅमेरा लावलास आणि म्हणालीस, "मावशी, शेरनी का पास्ट चाहिए. आप कराटे में क्यों आईं? सच वाला. मराठीत बोला, हिंदी बाद में डब कर लेंगे." मी विचारलं, खरंच खरं सांगू? तू म्हणालीस, "मैं ही तो हूँ यहाँ."

म्हणून सांगितलं. सोलापूर, मी सतरा वर्षांची. सरूताई, माझी थोरली बहीण सरोजिनी, नवऱ्याचा मार खाऊन संध्याकाळी माहेरी आली. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, तिला आत घेतलं नाही. मला म्हणाले, कडी लाव. मी लावली. ती बाहेरून म्हणत होती, मधू, उघड. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही. मग ती परत गेली. मेली-बिली नाही. पुढे वीस वर्षं त्याच घरात नांदली, दोन मुलं वाढवली, काविळीने गेली, आणि त्या संध्याकाळबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. दिवाळीला मला साडी घ्यायची. महिन्याभराने मी कराटेच्या वर्गात नाव घातलं. लोकांना वाटतं, बाई स्वतःला वाचवायला शिकली. माझा हात त्या कडीवरून हलला नव्हता, म्हणून शिकले.

चौतीस वर्षांच्या संसारात हे मी काकांना सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. तू कॅमेऱ्यामागून धावत आलीस, मला मिठी मारलीस, तुझा गाल ओला होता. उतरताना माझी पिशवी तू घेतलीस.

आणि घरी जाऊन त्यावर कुकरची शिट्टी चढवलीस.

आवाज तुझा आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी पहिल्याच वाक्याला ओळखला होता. लहानपणी सर्दी झाली की तू अशीच बोलायचीस. ओठांवर नवे शब्द बसवायचे तर मूळचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, हे मी आता वाचून माहीत करून घेतलं आहे. म्हणजे "मधू, उघड" हे तू वीस-पंचवीस वेळा तरी ऐकलं असशील. ऐकलंस, थांबवलंस, मागे नेलंस, परत ऐकलंस आणि त्या जागी "मेरी सीटी" बसवलीस. ते करताना तुला काय वाटत होतं, हे मला खरोखर विचारायचं आहे. हसू येत होतं का?

नाव बदललंस, झगा घातलास, वाळत घातलंस, ते मी कधीतरी गिळलं असतं. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. मला फसवलं गेल्यासारखं वाटत नाही, अनुया, तू मला फसवलं आहेस.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. तो सीन काढून टाक. आणि माझा मूळ आवाज मला पाठव. आयुष्यात एकदाच मी ते बोलले. ते माझ्याकडे असायला हवं.

मधुमती


१३ फेब्रुवारी २०२५

अनुया,

तुझा निरोप जसाच्या तसा उतरवते, म्हणजे तुला तो दिसायला कसा दिसतो ते कळेल.

"मावशी, सीन हटाया तो फिल्म में बचेगा क्या? सब उसी के लिए देख रहे हैं. और ओरिजिनल आवाज़ डिलीट हो गई, हार्ड डिस्क फुल थी. आप इतना दिल पे मत लो. किसी को थोड़ी पता है वो असल में क्या था."

बरोबर आहे. कुणाला माहीत नाही. तुझ्याशिवाय.

मी आता लिहिणार नाही.

मधुमती


२५ फेब्रुवारी २०२५

अनुया,

लिहिणार नाही म्हणाले होते. पण मध्ये जे झालं ते तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

मतं वाचायची सवय सुटली नव्हती. गेल्या मंगळवारी सकाळी 'सीटी वाला सीन'च्या खाली एक मत दिसलं, मराठीत लिहिलेलं. उतरवते.

"मी अमिता, सांगली. मला जन्मापासून ऐकू येत नाही. मी ओठ बघून समजून घेते. खाली जी अक्षरं येतात ते या बाई बोलत नाहीत. मला पूर्ण नाही समजलं. दार, कडी, ताई, एवढं समजलं. 'मधू उघड' दोन वेळा म्हणाल्या. त्या खऱ्या रडत आहेत. सगळे का हसत आहेत? कुणी सांगेल का?"

मी उभ्यानेच वाचत होते, खाली बसले. कान असलेल्या चार लाख माणसांनी पाहिलं आणि कळलं हिला. मला इतका आनंद झाला, अनुया, की तो कुणाला सांगावा म्हणून मी खरंच स्वयंपाकघराकडे वळले, तू तिथे जेवत बसली असशील अशा जुन्या सवयीने. मग त्याखालचं उत्तर दिसलं. सिनेमाच्या नावाने दिलेलं, म्हणजे तुझं.

"अरे ताई टेन्शन नका घेऊ! सगळं अ‍ॅक्टिंग आहे. मावशी आमची सुपर अ‍ॅक्ट्रेस आहे!" पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे चार चेहरे. तिच्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिलंस.

शिट्टी चढवलीस तेव्हा तुला निदान असं वाटलं असेल की हे कुणाला कळायचं नाही. इथे एकीला कळलं होतं. तिने सरळ विचारलं होतं. जगात ते ऐकलेलं माणूस एकच, तू. आणि तू तिला सांगितलंस की ते खोटं आहे. सिनेमा पाहून मला लाज वाटली होती. हे वाचून मला तुझी भीती वाटली.

मी उत्तर लिहिलं. एका बोटाने, चाळीस मिनिटं लागली. "अमिता, सिनेमातली बाई मीच. मधू माझंच नाव. तुम्ही बरोबर वाचलंत. तो अभिनय नव्हता." पुढे सगळं लिहिलं. सरूताई, अण्णा, कडी. हा सिनेमा विनोदी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तेही लिहिलं, आणि मंडळात मी माहीत असल्याचं नाटक केलं, तेही. खाली पूर्ण नाव घातलं.

मग काकांना हाक मारून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "तिथे मी पण हसलो होतो." मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, अण्णांचं काय चुकलं असं तुम्ही विचाराल, याची धास्ती होती. ते म्हणाले, "नसतं विचारलं." मग चष्मा काढून म्हणाले, "माहीत नाही गं." इतक्या वर्षांत त्यांचं एवढं खरं उत्तर मी ऐकलं नव्हतं.

मंडळात अर्थात सगळ्यांनी वाचलं. दोघीजणी आता माझ्याशी बोलत नाहीत, माहेरची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून. तुझी आई आली होती. बसली, रडली, तिळगुळाचा रिकामा डबा परत द्यायला आले होते असं सांगून गेली. एका प्रेक्षकाचं मत असं की आंटी पार्ट टूची जाहिरात करते आहे. त्याला दोन हजार जणांनी दुजोरा दिला आहे. क्लासला तीन मुली यायच्या बंद झाल्या, बाकीच्या येतात. त्या नाकातून बोलणाऱ्या दोघी आल्या, न सांगता पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडून लातांचा सराव करून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अमिताच्या प्रश्नाखालचं तुझं उत्तर गायब. पुसलंस. तेव्हापासून तुझे अकरा फोन आले, मी उचलले नाहीत. तू रडशील, मी विरघळेन आणि ते आपल्या दोघींतच मिटेल. तसं मला मिटवायचं नाही.

सीन काढ, असंही आता म्हणत नाही. राहू दे. खाली काही लोक लिहू लागले आहेत की त्यांनी तो आवाज बंद करून परत पाहिला.

अमिताने मला उत्तर लिहिलं. तिला सरूताईबद्दल आणखी विचारायचं होतं, ते आम्ही रोज थोडं थोडं लिहितो. पण काल तिने तिथे सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला आहे, आणि त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. देणारही नाही. ते तुला द्यायचं आहे, तुझ्या नावाने, मराठीत. चुका झाल्या तरी तिला कळेल.

तिने विचारलं आहे, "तुम्ही हे सांगत होतात, तेव्हा समोर ऐकायला कुणीच नव्हतं का?"

मधुमती